चौथा मजला, लिफ्ट नाही

मंगळवार, ४ फेब्रुवारी

बसल्या जागी तीन घरं नाकारली! दलालाचा फोन आला. म्हणाला, समुद्राकडची यादी तयार आहे, वाचून दाखवतो. पहिलं पाचव्या मजल्यावर, लिफ्ट आहे पण बंद. नको. दुसरं दुसऱ्या मजल्यावर, तिथे लिफ्ट कधी नव्हतीच. नको. तिसरं — ‘चौथा मजला, लिफ्ट नाही, पण साहेब —’ मी म्हटलं, भल्या माणसा, ज्या बाईसाठी घर बघतोय तिला तिसऱ्या मजल्यावरून उतरता येत नाही म्हणून तर बघतोय, आणि तू चौथा घेऊन आलास? फोन ठेवला. हा माणूस दर वाक्यात ‘पण साहेब’ म्हणतो. हिने लगेच त्याचं बारसं करून टाकलं — पणसाहेब.

गेल्या जूनमध्ये ही जिन्यावरून घसरली. शेवटच्या चार पायऱ्या. हाड मोडलं नाही, गुडघे तेवढे सुजले. त्या दिवशी धरून वर आणली ती आजतागायत खाली उतरलेली नाही. भाजी मी, औषधं मी, बँक मी. ही खिडकीत. आणि गंमत अशी की मी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. अख्ख्या शहराला वर-खाली केलं. राहतो कुठे? बिनलिफ्टच्या इमारतीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

लेकीने फोनवरून हुकूम सोडला, ‘बाबा, घर बदला.’ ही तयार झाली, पण अट घातली. समुद्र हवा. तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरात काही आपल्याला जागा मिळायची नाही, पण तटाबाहेर किनाऱ्याने जी वस्ती पसरली आहे तिथे चालेल म्हणाली. माझी अट, लिफ्ट चांगली हवी. त्या बाबतीत मला कोण फसवणार?

नोकरीत होतो तेव्हा दिवसभरात काय बघितलं ते संध्याकाळी लिहून ठेवायची सवय होती. निवृत्त झालो तशी सुटली. घर सापडेपर्यंत पुन्हा धरतो.


गुरुवार, ६ फेब्रुवारी

पहिलं घर बघितलं. बसने तासभर, मग थोडं चालणं. सात मजली इमारत, घर पाचव्यावर. पणसाहेब गेटपाशी छत्री घेऊन उभा. ऊन होतं तरी छत्री. मी म्हटलं, घर नंतर, आधी मशीन रूम. तो गोंधळला. वॉचमनकडून किल्ली घेतली आणि थेट गच्चीवर गेलो. मोटर जुनी पण तेलपाणी वेळेवर झालेलं. ब्रेकचा आवाज जरा कोरडा. दोर बरे. खाली येऊन लिफ्टच्या खड्ड्यात टॉर्च मारला, तर पाणी! समुद्राजवळच्या इमारतींचं हेच दुखणं. तळाला हमखास ओल. तळमजल्यावर राहणाऱ्यांची मला कीवच येते.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. पंधरा-वीस मिनिटं तरी बोलत होतो. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं,

‘ओट्याशी उभं राहिलं की समोर काय दिसतं?’

मला आठवेना. खिडकी होती का तेही आठवेना. किती खोल्या? दोन. की तीन? ऊन कुठून येतं? गॅलरी आहे का?

‘अहो,’ ती म्हणाली, ‘घर बघायला गेला होतात की लिफ्ट?’


शुक्रवार, ७ फेब्रुवारी

दिवसभर टोमणे. शेजारच्या बाईला सांगत होती, आमच्यासाठी फार छान लिफ्ट बघून आलेत, तीत दोन खुर्च्या मावतील.


सोमवार, १० फेब्रुवारी

दुसरं घर. या वेळी मुद्दाम आधी घर बघितलं. ओट्याशी उभा राहिलो. समोर शेजारच्या इमारतीचे पाइप. गॅलरीतून समुद्र दिसतो. हॉलच्या फरशीला एका कोपऱ्यात चीर आहे, न्हाणीघराचं दार आत उघडतं. शाळेतल्या पोरासारखं सगळं पाठ करत करत बसमध्ये बसलो.

हिला म्हटलं, समुद्र दिसतो.

‘कसा?’

निळा, म्हटलं.

‘निळा! समुद्र निळा असतो हे सांगायला तिकीट काढून गेलात होय?’

मग तिने एकेक विचारायला सुरुवात केली. लाटा फुटताना आवाज येत होता का नुसत्या दिसत होत्या? पाणी काठाशी गढूळ होतं का? खाली लोक होते का? पाण्यात कुणी होतं का? मला यातलं निम्मंही सांगता आलं नाही. मनुष्य चाळीस वर्षं लिफ्टच्या शाफ्टमध्ये डोकं घालून काम करतो तेव्हा त्याला वर आणि खाली एवढ्याच दिशा उरतात.

तिथली लिफ्ट मात्र मजल्याच्या दोन बोटं खाली थांबते. तुम्हा-आम्हाला दोन बोटं म्हणजे काही नाही. हिला ती पायरीच. घर गेलं.


गुरुवार, १३ फेब्रुवारी

आज दोन बघितली, दोन्ही फुकट. एकीकडे लिफ्ट थरथरते, दुसरीकडे लिफ्ट ठीक पण खाली मासळीचं गोदाम.

घरी पोचलो, दार उघडताक्षणी ही म्हणते, ‘दोन्ही नाहीत ना?’ कसं कळलं? म्हणे कोपऱ्यावर वळलात तेव्हाच. घर बरं असलं की मी पिशवी उजव्या हातात घेऊन हलवत येतो म्हणे, आणि वाईट असलं की डाव्या काखेत दाबून. मला स्वतःला हे ठाऊक नव्हतं. आठ महिने खिडकीत उभी आहे. रस्त्यावरच्या प्रत्येकाची चाल तिला पाठ झाली आहे. पोस्टमनची, पाव घेऊन येणाऱ्या पोराची, समोरच्या घरातल्या दोन भावांची, ज्यांचं आपसात पटत नाही हेही तिने चालीवरून ओळखलं. मी हसलो. मग हसू आलं नाही.


सोमवार, १७ फेब्रुवारी

फिजिओवाली बाई येऊन गेली. मला बाहेर पॅसेजमध्ये बोलावून म्हणाली की गुडघे आता तसे बरे आहेत. सपाट चालू शकतील, हलका चढ-उतारही जमेल. पायऱ्या चढतीलही. अडचण उतरण्याची आहे, आणि ती गुडघ्यात नाही. ‘खाली बघितलं की त्यांचे पाय थिजतात. भीती बसली आहे. घाई करू नका, पण फार वाटही बघू नका. माणसाला घरात राहायची सवय लागते.’

सवय! मला तर वाटत होतं आम्ही वेळेत आहोत.


गुरुवार, २० फेब्रुवारी

सापडलं! नवी कोरी इमारत, सहावा मजला. लिफ्ट अशी की दार मिटलेलं कळत नाही, सुटलेली कळत नाही, थांबलेली कळत नाही. खिशातलं नाणं काढून मी फरशीवर उभं करून ठेवलं. सहा मजले वर गेलो, नाणं उभंच! डोळ्यांत पाणी आलं, खरंच सांगतो. अशी लिफ्ट मी आयुष्यात दोनदा बघितली असेल. घरही उत्तम. या वेळी सगळं पाठ केलं. ओट्यासमोर खिडकी, पूर्वेचं ऊन, गॅलरी रुंद, समोर सगळा समुद्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, डावीकडे जुन्या शहराचा तट आणि त्याचे बुरूज. पिशवी उजव्या हातात हलवत आलो.

लेकीला फोटो गेले. ती म्हणाली, बाबा, डोळे मिटून घेऊन टाका. जावई म्हणाले, वा. पणसाहेब म्हणाला, उद्याच कागद करू.

ही सगळं ऐकून म्हणाली, ‘आणि पाण्यापर्यंत कसं जायचं?’

कसलं पाणी?

‘समुद्राचं.’

मी आठवून बघितलं. इमारतीपुढे मोठा रस्ता, सारखी वाहनं. रस्त्याला वरून पूल, त्याला जिना. पलीकडे भिंत, भिंतीपलीकडे खडक. म्हटलं, अगं, जायचं कशाला? घरबसल्या दिसतोय की सगळा.

‘इथे खिडकीत उभी राहून रस्ता बघते. तिथे खिडकीत उभी राहून समुद्र बघेन. फरक काय झाला? बघायला कॅलेंडरवरचा पुरतो. मला त्यात उतरायचंय.’

मी चिडलो. पंधरा दिवस बसने हेलपाटे घालतोय, त्याचं काही नाही! म्हटलं, तीन जिने उतरवत नाहीत आणि समुद्रात उतरायच्या गोष्टी! बोललो आणि जीभ चावली. पण सुटलेला शब्द काही परत वर घेता येत नाही.


शुक्रवार, २१ फेब्रुवारी

चहा मिळाला. न बोलता.


रविवार, २३ फेब्रुवारी

आज दिवसभर मनात तेच. मी कसा विसरलो? ही नगरपालिकेच्या तलावावर पोहायला शिकवायची. सव्वीस वर्षं. गळ्यात शिट्टी, डोक्याला पांढरी रबरी टोपी, काठावर उभी राहून पन्नास मुलींना एका आवाजात सरळ करायची. निम्म्या शहरातल्या बायका हिच्या हाताखालून गेल्या आहेत. बाजारात गेलो की भाजीवालीपासून न्यायाधीश बाईंपर्यंत सगळ्या हिला बघून ताठ उभ्या राहायच्या. तलाव बंद पडला, तिथे गाड्या लावायची जागा झाली, तेव्हापासून ही पाण्यात गेलेली नाही.

मला लग्नानंतर पहिल्याच वर्षी शिकवायला घेतलं होतं. कमरेएवढ्या पाण्यातून मी पळून आलो. वीस मजली शाफ्टमध्ये दोराला लोंबकळणारा मी, पण पाण्याखाली पाय टेकेनासा झाला की संपलं. पुन्हा तिने तो विषय काढला नाही. मी रोज संध्याकाळी तलावाबाहेर बाकावर बसून तिची वाट बघायचो आणि ती ओल्या केसांनी बाहेर यायची.

संध्याकाळी मीच बोललो. म्हटलं, चुकलं माझं. सहावा मजला नको.

ती म्हणाली, ‘पाण्यात गुडघे नसतात हो. एवढंच म्हणत होते मी.’


मंगळवार, २५ फेब्रुवारी

आज काय झालं ते लिहिताना मलाच लाज वाटते आणि हसूही येतं.

मी बाजारात गेलो तेव्हा हिने पणसाहेबाला स्वतः फोन लावला. मजला विचारला नाही, लिफ्ट विचारली नाही, खोल्यासुद्धा विचारल्या नाहीत. विचारलं एवढंच, ‘घराच्या दारातून निघून समुद्राच्या पाण्यापर्यंत जायला कमीत कमी पायऱ्या कुठल्या घराला आहेत?’ तो म्हणाला, एका घराला एकही नाही. ही म्हणाली, मग ते आम्हाला का दाखवलं नाही? तो म्हणाला, ‘पहिल्याच दिवशी सांगत होतो, पण साहेबांनी फोन ठेवला.’

चौथा मजला, लिफ्ट नाही!

इमारत उतारावर आहे. मजले मोजतात खालून, समुद्राच्या बाजूने. रस्ता आहे वरच्या बाजूला, आणि तो रस्ता लागतो थेट चौथ्या मजल्याच्या उंबऱ्याला. म्हणजे फुटपाथवरून पाय उचलला की घरात. यादीत ‘चौथा, बिनलिफ्ट’ वाचून म्हातारी माणसं फोन ठेवतात, आणि तरुणांना तिथे गाडी लावायला जागा नाही. म्हणून दोन वर्षं रिकामं.

त्याच्या त्या ‘पण’च्या पुढे सगळं घर होतं. मी ऐकून घेतलं नाही.

ही मला नुसती ‘साहेब’ म्हणून हाक मारत होती, दिवसभर.


शुक्रवार, २८ फेब्रुवारी

बघून आलो.

तटाच्या बाहेरची ती जुनी गल्ली आहे, दगडी फरसबंदी, गाडी जेमतेम जाईल इतकी रुंद. दार हिरवं. आत शिरल्या शिरल्या सवयीने लिफ्ट शोधायला डोळे वर गेले, मग आवरलं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. ओट्याशी उभं राहिलं की गल्ली दिसते, येणारी-जाणारी माणसं. मागे गॅलरी, तिच्या खाली तीन मजले उतारावर टांगल्यासारखे आणि त्यांच्याखाली समुद्र. कठड्याला गंज. न्हाणीघराच्या भिंतीला ओलीचा डाग, साधारण परातीएवढा. मालक बोटीवर आचारी होता. त्याने डाग लपवला नाही, उलट बोट ठेवून दाखवला. म्हणाला, खारी हवा आहे, दरवर्षी रंग द्यावा लागेल, मी देईन.

आणि उतार! चार दारं पुढे गेलं की गल्ली तटाला चिकटून वळते आणि हळूहळू खाली जाते ती एका छोट्या दगडी धक्क्यापर्यंत. एकही पायरी नाही. मालक म्हणाला, पूर्वी बोटीतून तोफा आणून इथूनच तटावर ओढत न्यायचे. तोफेला पायऱ्या चढता येत नाहीत, म्हणून उतार केला, आणि तोही बेताचा, नाहीतर ओढणारे मेले असते. मी चालून बघितलं. कडेला लोखंडी कठडा आहे. मध्ये दोन जागी बसायला दगड. धक्क्याला पाण्यात उतरायची शिडी, पलीकडे तरंगते डबे बांधलेली दोरी, दोरीच्या आत माणसं पोहत होती. दोन म्हाताऱ्या बायका होत्या. पाणी काठाशी हिरवट, तळाचे दगड दिसत होते. लाट फुटत नाही, कारण समोर खडकांची रांग आहे. आवाज येतो, पण ओरडल्यासारखा नाही.

परत येताना ठरवून पिशवी डाव्या काखेत दाबली. गंमत करावी म्हटलं. दार उघडून ही म्हणाली, ‘नाटक पुरे. सांगा.’


शनिवार, १ मार्च

सगळं सांगितलं. कितीदा तरी सांगितलं. तोफांचं ऐकून ती खूश झाली. ‘तोफा गेल्या तर मी का नाही जाणार?’

मला वाटलं, झालं, ठरलं. तर म्हणते, ‘मी बघून मग ठरवणार.’ म्हटलं, अगं, बघणार कशी? फोटो आहेत. लेक म्हणाली, चार माणसं बोलावू, खुर्चीत बसवून उतरवू. त्यावर हिने फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, ‘तिला सांगा, मी कपाट नाही.’

ती उतरलीच नाही तर? घर मिळालं आणि इथून निघताच आलं नाही तर? पणसाहेबाने पुढच्या शनिवारपर्यंत थांबायचं कबूल केलं आहे. त्यानंतर दुसरं कुणी बघायला येणार आहे म्हणे.


सोमवार, ३ मार्च

पहिला प्रयत्न. दार उघडून जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली. कठडा धरला. खाली बघितलं. हात असे घट्ट झाले की मला बोटं सोडवावी लागली. परत आत.

जेवली नाही. मीही नाही.


मंगळवार, ४ मार्च

हे लिहिलंच पाहिजे. सकाळी चहा घेताना ही एकदम म्हणाली, ‘तलावाच्या शिडीवरून आपण कसे उतरतो?’ मला कसं ठाऊक असणार! मग तिनेच उठून दाखवलं. पाठ पाण्याकडे, तोंड भिंतीकडे, दोन्ही हातांनी दांडे धरायचे आणि पाय मागे सोडायचा. ‘सव्वीस वर्षं मी मुलींना हेच सांगितलं. भीती वाटते तिने पाण्याकडे बघायचं नाही. पायाला तळ आपोआप कळतो.’

आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन तिने पाठ फिरवली!

उलटी उतरली. तोंड आमच्या दाराकडे, दोन्ही हात कठड्याला, एकेक पाय मागे. मी तिच्या खालच्या पायरीवर, हात तिच्या कमरेशी नेऊन पण न लावता. सात पायऱ्या. मग म्हणाली, बास आजच्यापुरतं. वर येताना सरळ आली. चढायची तिला कधीच भीती नव्हती.

फिजिओवालीला फोन करून विचारलं. ती आधी हसली, मग म्हणाली, चालेल, फक्त खालच्या बाजूला कुणीतरी हवं. म्हटलं, मी आहे की. माझी नोकरीच ती होती.


गुरुवार, ६ मार्च

दुसऱ्या मजल्यापर्यंत! खालचे शिंपी दुकान सोडून वर आले आणि प्रत्येक वळणावर एकेक खुर्ची ठेवून गेले. वहिनी, दमलात की बसा, म्हणाले, आणि बघायला न थांबता निघून गेले. भला माणूस.

मी खालून एकेक पायरी सांगत होतो. वळण आलं की म्हणायचं, ‘दुसरा मजला, दुसरा मजला.’ लिफ्टमनसारखं. ती हसायला लागली. हसताना तिचे हात सैल झाले, माझ्या लक्षात आलं.

खुर्चीत बसून दम खाताना म्हणाली, ‘माझी जिन्याची भीती गेली ना, की मग तुमच्याकडे बघते.’ मी म्हटलं, माझ्याकडे काय बघायचंय? ती कठडा धरून उठली.


शनिवार, ८ मार्च

उतरली. खाली, रस्त्यावर, पुरती.

शेवटच्या चार पायऱ्यांना थांबली. याच त्या. तिने डोळे मिटले आणि एक पाय मागे सोडला, मग दुसरा. मग माझ्या पाठीमागून शिंप्यांचा आवाज आला, ‘वहिनी, आता जमीन.’ तिने वळून बघितलं. रस्त्यावर ऊन होतं. ती दुकानापुढच्या खुर्चीत बसली आणि रडली, आणि मीही, आणि समोरचे दोन भाऊ, ज्यांचं पटत नाही, एकाच वेळी खिडकीत येऊन बघत होते. हिने त्यांना हात केला. त्यांना बिचाऱ्यांना ही कोण ते कळेना.

टॅक्सीने गेलो. वाटेत ती काचेला नाक लावून बसली होती. गल्लीत उतरलो. उंबरा ओलांडायला तिला काठीही टेकावी लागली नाही. घर बघितलं, नळ सोडून बघितले. ओटा जरा उंच आहे म्हणाली. ओलीचा डाग बघून म्हणाली, असू दे, तलावावरच्या ऑफिसात यापेक्षा मोठा होता. मग गॅलरीत गेली. तिथून धक्का दिसतो, दोरी दिसते, पोहणारी डोकी दिसतात. बराच वेळ उभी होती. मला वाटलं भावना दाटून आल्या असतील. तर म्हणते, ‘ती पिवळ्या टोपीवाली बघा, श्वास चुकीच्या बाजूने घेते.’

पणसाहेब मागे छत्री घेऊन उभा. ‘ताई, मग काय ठरवलं? घर चांगलंच आहे, पण —’

ही म्हणाली, ‘पण काय ते आधी सांगा. या घरात आता पूर्ण ऐकून घेतात.’

तो म्हणाला, पण काही नाही, सवय आहे.

घेतलं!


रविवार, ३० मार्च

सामान गेलं. शेवटी आम्ही दोघं. ती रिकाम्या खोलीत जाऊन खिडकीशी क्षणभर उभी राहिली आणि खिडकी लावून घेतली. मग जिना. अजूनही उलटीच उतरते. म्हणाली, आता हीच माझी पद्धत. शिंप्यांनी पडदे शिवून दिले आहेत, नव्या घराचं माप मीच दिलं होतं. माप बरोबर आलं तर नशीब.


बुधवार, २ एप्रिल

पडदे वीतभर लांब. ‘लिफ्टचं माप दिलं असेल,’ ही म्हणाली.


शुक्रवार, ४ एप्रिल

काल आणि आज उतारावरून बसायच्या दगडापर्यंत. काठी, कठडा, मी. आज तिने मला म्हटलं, जरा लांब चाला, सावली पडते. खरं म्हणजे सावली दुसऱ्या बाजूला पडत होती.

धक्क्यावर पोहायला जाणाऱ्या बायकांशी तिची ओळख झाली. एक तिच्याकडून शिकलेली निघाली! पन्नाशीतली बाई, पण हिला बघून ताठ उभी राहिली.


रविवार, ६ एप्रिल

उठलो तर ही घरात नाही. दार नुसतं लोटलेलं. हाक मारली. न्हाणीघर बघितलं, गल्ली बघितली. मग गॅलरीत आलो.

खाली धक्क्यावर शिडीच्या तोंडाशी तिची काठी, काठीवर टॉवेल. आणि पाण्यात, दोरीला लागून, पांढरी टोपी. सरळ रेषेत चालली होती, न थांबता, न अडखळता. त्या बाईला मी महिनाभर कमरेशी हात धरून उतरवत होतो! आठ महिने ती खिडकीत उभी राहून माझी वाट बघायची. आज मी उभा.

टोपी थांबली. तिने वर बघितलं. मला ओळखलं असणार, माणूस कसा उभा आहे यावरून तिला कळतं. पाण्यातून हात वर केला आणि हलवला. मी हात केला. ती हलवतच राहिली.

बोलावते आहे.

मला पोहता येत नाही हे तिला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. इथून खाली जायला एकही पायरी नाही. सबब सांगायला जागाच ठेवली नाही बाईने. टॉवेल शोधतो.